पावणेअकरा ते अकरा

साहेब चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "तुमचा तक्ता भलताच कामाला आला हो." सोमवारची सकाळ होती. अहवालाचे शेवटचे पान माझ्यासमोर होते आणि शेवटच्या पानावर असताना मला कोणी बोललेले खपत नाही, म्हणून मान वर न करताच मी विचारले, "कुठला तक्ता?" "मागच्या मंगळवारचा. पोलिसांनी मागितला होता, शनिवारी पाठवून दिला. तो पुढच्या वळणावर सायकलवाला गेला ना, त्याचं काहीतरी चाललंय. सगळा दिवस नको होता त्यांना, एकच चौकट. पावणेअकरा ते अकरा." त्यांनी एक घोट घेतला. "चला, आपली मोजणी कुणीतरी वाचतं तरी." ते हसले. मीही हसले असावे, कारण ते समाधानाने केबिनकडे गेले. मी पान तपासत राहिले. एका ओळीत 'वाहन' हा शब्द दोनदा आला होता, त्यातला एक मी खोडला आणि थोड्या वेळाने तोच परत लिहिला. पाच दिवस, रोज सहा तास मोजले की पंधरा पंधरा मिनिटांच्या एकशेवीस चौकटी होतात. त्यातल्या एकशेएकोणीस मी कुठेही, कुणासमोरही शपथेवर सांगेन अशा आहेत. पोलिसांनी नेमकी उरलेली एक मागितली होती.

शहराने रस्त्यांवर वाहने मोजणारी यंत्रे बसवायचे ठरवले आहे. कोणते यंत्र घ्यावे हे ठरवण्यासाठी बाहेरच्या रस्त्याच्या एका सरळ पट्ट्यावर चार जातींची यंत्रे शेजारी शेजारी लावली होती. एक म्हणजे डांबराखाली पुरलेले तारेचे वेटोळे. वरून लोखंड गेले की त्याला कळते, पण दोन गाड्या एकीच्या शेपटीला एक अशा गेल्या की त्याला ती एकच लांबलचक गाडी वाटते. दुसरा खांबावरचा रडार. त्याला धावणारे सगळे दिसते, थांबलेले काही दिसत नाही, आणि मोठ्या गाडीच्या आड लहान गाडी आली तर त्याच्या लेखी ती जन्मालाच आलेली नसते. तिसरा कॅमेरा. ढगाळ दिवशी शहाणा, पण समोरच्या काचेच्या इमारतीवरून ऊन उलटले की साडेदहापासून सव्वाअकरापर्यंत ठार आंधळा. आणि चौथी, रस्त्यावर आडवी टाकलेली काळी रबरी नळी. तीही एक नसते, मीटरभर अंतराने दोन असतात, म्हणजे वेग काढता येतो. चाक वरून गेले की आत हवेचा एक ठोका बसतो आणि कडेच्या पेटीत त्याची वेळ नोंदली जाते. नळीला गाडी कळत नाही, फक्त चाके कळतात. गाडी किती लांब, कुणाची, कशाची, हे तिच्या गावीही नसते. पाचवी मी. रस्त्याच्या कडेला खुर्ची, मांडीवर पॅड, हातात पेन. चौघांचे आकडे माझ्या आकड्याशी ताडायचे आणि ज्याचा आकडा माझ्यापासून जास्त लांब, ते यंत्र जास्त वाईट. अहवालात माझ्या रकान्याला 'प्रत्यक्ष' असे नाव आहे. बाकीचे चौघे अंदाज करतात, मी प्रत्यक्ष. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ती मी, आणि बावीस वर्षे या शहाणपणावरच माझे चालले आहे. खात्यात मला मोजणीबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. आई रोज संध्याकाळी विचारते, "आज किती गेल्या?" मी आकडा सांगते. "एवढी माणसं जातात तरी कुठं गं?" ती म्हणते, आणि हे तिने हजार वेळा म्हटले असले तरी तिला खरोखरच नवल वाटत असते.

नियमाने खुर्च्या दोन हव्यात. एकाने मोजायचे, दुसऱ्याने नजर ठेवायची, तासाने बदली. मंगळवारी माझ्या जोडीदाराला साहेबांनी बैठकीत प्रोजेक्टर जोडायला नेले. "एक दिवस तर आहे, तुम्ही एकट्या दहांना भारी," ते म्हणाले, आणि कौतुकाने माणसाचे जेवढे नुकसान होते तेवढे शिव्यांनी होत नाही. जोडीदाराने संध्याकाळी येऊन तक्त्यावर सही केली, तीही न बघता, कारण आम्ही नेहमी तशीच करतो. मी सकाळी आठपासून घराबाहेर होते. पुरुष मोजणीदाराला एक भिंत पुरते. बाईला त्या रस्त्यावर एकच जागा, पेट्रोल पंप, चालत चार मिनिटे. पाणी कमी प्यायचे ही युक्ती मी पहिल्या वर्षीच शिकले होते, पण त्या दिवशी ऊन होते आणि मी बाटली संपवली होती. सव्वादहाला कळ लागली. साडेदहाला मी गाड्यांचे रंग बघायचे सोडून दिले, फक्त रेघा मारत होते. दहा पंचेचाळीसला चौकट पुरी झाली, पेनाचे टोपण लावले आणि निघाले. पंपावरच्या त्या खोलीला कुलूप होते. किल्ली व्यवस्थापकाकडे, व्यवस्थापक टँकर उतरवून घेण्यात गुंतलेला. त्याने मला हाताने थांबा अशी खूण केली. मी थांबले. चाळिशी उलटलेली बाई दोन्ही पाय जवळ घेऊन पंपावर उभी राहते तेव्हा सगळ्यांना सगळे कळते आणि कुणीच बघत नाही असे दाखवतात. त्या चार मिनिटांची आठवण आली की अजून कानशिले तापतात. मी परत खुर्चीवर येऊन बसले तेव्हा अकराला एखादे मिनिट कमी असेल. रस्ता होता तसाच होता. माझ्यावाचून त्याचे काही अडले नव्हते, असे मला वाटले, आणि थोडे वाईटही वाटले.

रिकाम्या चौकटीचे काय करायचे हे मला पूर्वीच शिकवलेले होते. मी नोकरीला लागले तेव्हा एक म्हातारे मोजणीदार होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. छत्री, डबा आणि दोन पेने, एक चालणारे आणि एक न चालणारे, अशा सरंजामाने ते चौकात बसत. ते म्हणायचे, "पोरी, रिकामी चौकट कधी वर पाठवायची नाही. एक रिकामी दिसली की वरचा माणूस भरलेल्या सगळ्यांवर संशय घेतो. अलीकडचं आणि पलीकडचं मिळवायचं, दोनांनी भागायचं. रस्ता काय पंधरा मिनिटांत जात बदलत नाही." आम्ही सगळे तसेच करतो. कुणी त्याला खोटे म्हणत नाही. त्याला भरून घेणे म्हणतात, भिंतीतली भेग भरून घेतात तसे. म्हणून मी सव्वाअकरापर्यंत मोजले आणि मग मधली चौकट भरून घेतली. मोटारी अलीकडे अठ्ठावन्न, पलीकडे चौसष्ट, मध्ये एकसष्ट. मोटारी, दुचाक्या, बस, प्रत्येक रकाना नीट भागला गेला. शेवटचा रकाना जड ट्रकचा. अलीकडे शून्य, पलीकडे एक. त्याचा मध्य अर्धा. अर्धा ट्रक लिहिता येत नाही. वर न्यायचा की खाली? यावरही मास्तरांचा नियम होता: जड असेल तर खाली ओढायचे, जड कमी दिसले म्हणून कुणी आपल्याला जाब विचारत नाही. मी शून्य लिहिले. माझे शून्य चांगले येते, दोन्ही टोके नीट जुळतात. मग मी पुढे मोजू लागले.

त्या वेळी माझ्यापासून तीनशे मीटरांवर, वळणाच्या पलीकडच्या गटारात एक माणूस पडलेला होता. निवृत्त भूगोलशिक्षक, वय एकाहत्तर, सायकल त्याच्या अंगावर. हे मला बुधवारच्या वर्तमानपत्रातून कळले, आणि वाचताना मी फक्त अरेरे म्हणाले होते. आपण तिथेच होतो, हे आईला सांगण्यात एक प्रकारचे महत्त्वही होते. वळणावरचा टायरवाला पाणी ओतायला गटारापर्यंत गेला तेव्हा सव्वाबारा झाले होते. साडेबाराला रुग्णवाहिका माझ्यासमोरून गेली, भोंगा वाजवत. ती मी 'हलकी वाहने' या रकान्यात धरली. परत आली तेव्हा पुन्हा एकदा धरली, कारण नियमाने दोन फेऱ्या म्हणजे दोन वाहने. शुक्रवारी ते गृहस्थ गेले.

हे सगळे मी सोमवारी अहवालाच्या शेवटच्या पानावर नजर ठेवून आठवत होते. चोराच्या मनात चांदणे. खोलीत टाइप करणाऱ्याची बोटे चालू होती, पंखा चालू होता, आणि प्रत्येक आवाज मला आपल्याविषयीच आहे असे वाटत होते. अर्ध्या तासाने मी उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारले, "त्या सायकलवाल्याच्या प्रकरणात पकडलंय का कुणाला?" साहेबांना अशा गोष्टी सांगायला आवडतात. "हो, एक गाडीवाला. दवाखान्याच्या चादरी धुवायला नेतो ना, त्या गाडीचा ड्रायव्हर. टायरवाल्याने वळणातून पांढरी गाडी बाहेर पडताना बघितली. डाव्या बाजूला ओरखडाही सापडला. आता तो म्हणतोय, ओरखडा जुना आहे, मला वळणावर एका लांबलचक ट्रकने मागे टाकलं, जे केलं ते ट्रकने केलं. नेहमीचंच. ट्रक कधी सापडत नाही आणि दोष त्याचाच असतो." "मग?" "मग काय! तुमच्या तक्त्यात ट्रकच नाही. शून्य. संपला विषय." त्यांनी कागदावरून धूळ झटकावी तसा हात हलवला. मी म्हणाले, "बरं," आणि बाहेर आले. बरं हा शब्द मी आयुष्यात किती ठिकाणी वापरला आहे, याचा तक्ता कुणी मांडला तर फार मोठा होईल.

पेट्या तळमजल्यावरच्या खोलीत ठेवल्या होत्या. नळ्या टाकायचे आणि काढायचे काम करणारा फिटर तिथे बसतो. नळीवर त्याचा जीव. अहवालात मी नळीला चौथा, म्हणजे शेवटचा क्रमांक दिला आहे हे त्याला कळले होते आणि तो चार दिवस माझ्याशी बोलत नव्हता. "मंगळवारची पेटी उघडता का?" मी विचारले. "कशाला? नापास केलेल्या पोराची उत्तरपत्रिका पुन्हा कशाला बघायची?" "बघायचीय." त्याने तोंड वाकडे करत तार जोडली. आम्ही अहवालात फक्त बेरजा वापरल्या होत्या. कच्ची नोंद, म्हणजे ठोक्यांची ओळीने यादी, कुणी उघडून बघत नाही, जसे कुणी भाकरीसाठी ज्वारीचा दाणा दाणा बघत नाही. त्या एका चौकटीत नळीची बेरीज माझ्या बेरजेपासून सगळ्यांत लांब होती. साऱ्या चाचणीतली सर्वांत मोठी चूक म्हणून मी तिच्याभोवती लाल गोल काढला होता आणि त्या गोलावरूनच 'नळी: सर्वांत कमी भरवशाची' हे वाक्य लिहिले होते. पडद्यावर आकडे वर सरकू लागले. फिटर शेजारी उभा होता. "नळी खोटं बोलत नाही बाई," तो म्हणाला, "खोटं बोलायला डोकं लागतं. तिला कुठाय?"

दहा वाजून एकावन्न मिनिटे आठ सेकंद. दोन हलके ठोके, पाव सेकंदाच्या अंतराने. "ही सायकल," फिटर म्हणाला. "बेरजेत आपण अशा किरकोळ गाळून टाकतो. तुमच्या तक्त्यात तरी सायकलला रकाना कुठाय?" नव्हता. इंजिन नसलेले आमच्या लेखी वाहन नाही. मी त्या दोन ठोक्यांकडे बघत राहिले. पुढचे चाक, मागचे चाक. एक म्हातारा माणूस सावकाश पायडल मारत माझ्या रिकाम्या खुर्चीसमोरून गेला होता. खुर्चीवर पॅड ठेवलेले त्याने बघितले असेल. आठ सेकंदांपासून पुढे पन्नास सेकंद नुसत्या मोटारी, तिकडून इकडे. मग एकावन्न अठ्ठावन्नला दोन मध्यम ठोके, ही गाडी चादरींची असू शकते. आणि बावन्न एकला, तीन सेकंदांनी, पाच ठोके. एक, मग दोन जवळ जवळ, मग पुन्हा दोन जवळ जवळ. फिटरने नाकातून शिट्टीसारखा श्वास सोडला. "पाच जोड्यांचा. लांब धूड. आणि सुसाट आहे." वेग शेजारीच लिहिलेला होता. मी पेन काढले. पंधरा मिनिटांची एक चौकट भरायला मला अर्धे मिनिटही लागले नव्हते, हे गणित मात्र मी तीनदा केले. सायकलला वळणापर्यंत पंचाहत्तर सेकंद लागतात. चादरींच्या गाडीला एकवीस. ट्रकला सोळा. म्हणजे ट्रक वळणाच्या तोंडाशी गाडीला मागे टाकतो आणि पहिला पोचतो, त्याच्यामागे दोन सेकंदांनी गाडी, तिच्यामागे चार सेकंदांनी सायकल. पाच सेकंद इकडे तिकडे धरले तर तिघे एकाच वेळी. चुकीला जागा शोधत मी आकडे उलटे केले, सुलटे केले. तिघे प्रत्येक वेळी त्याच वळणावर एकत्र येत होते. "तुमचा ट्रक किती होता?" फिटरने विचारले. "शून्य," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. चार दिवसांचा राग त्याच्या चेहऱ्यावरून गेला आणि त्या जागी जे आले ते मला रागापेक्षा वाईट वाटले.

चार वाजता मी साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी आधी उठून दार लावून घेतले. रागावतील असे मला वाटले होते, रागावले असते तर बरे झाले असते. ते हळू आवाजात, घरच्या माणसाशी बोलावे तसे बोलले. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. अहवाल उद्या वर जातोय. तुमची एक चौकट खोटी निघाली तर एकशेवीस जातात. प्रत्यक्षच जर प्रत्यक्ष नाही, तर मोजायचं कशाशी? तुम्ही जाल, जोडीदार जाईल, त्याला मी नेला म्हणून मीही जाईन. आणि त्या ड्रायव्हरचा तरी काय भरवसा? सायकल तुमच्या हिशेबाने सगळ्यांच्या शेवटी पोचते, असं तुम्हीच म्हणताय." "पाच सेकंद इकडे तिकडे," मी म्हणाले. "तेच. पाच सेकंदांवर कुणी नोकरी घालवतं?" मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि लिहिणार काय हो त्या जबाबात? मोजणी सोडून मी लघवीला गेले होते? तुमच्या तोंडी बरं दिसेल का ते? कोर्टात मोठ्याने वाचतात." हे ते खरोखर माझ्या काळजीने बोलले असावेत. पण त्यांनी तो शब्द उच्चारला आणि मी पुन्हा पंपावर उभी राहिले, दोन्ही पाय जवळ घेऊन, हाताने थांबा अशी खूण समोर. "उद्या सकाळी बघू," साहेब म्हणाले. "आज झोपा शांत." मी बरं म्हणाले. सव्वाचार वाजले होते. पोलिस ठाणे आमच्या कचेरीपासून वीस मिनिटांवर आहे. मी घरी गेले.

रस्त्याने जाताना मी मोजत होते. ती सवयच आहे, पण त्या दिवशी मी फक्त चाके मोजत होते. एका ट्रकखाली मी जवळजवळ वाकून बघितले, तेव्हा एकाने मला खांद्याला धरून मागे ओढले आणि "जीव वर आलाय का?" असे विचारले. घरी आई खिडकीपाशी बसली होती. "आज किती गेल्या?" "आज मोजल्या नाहीत. मोजलेल्या तपासल्या." "बरोबर होत्या?" "एक सोडून." "मग!" आई म्हणाली. "एवढ्यातली एक. कुणाच्या लक्षात येतंय?" मला तिला सांगायचे होते. पण माझी आई भाजीवाल्याने एक वांगे जादा टाकले तर जिने उतरून परत देणारी बाई आहे, आणि ती पहिला प्रश्न विचारेल तो मला माहीत होता: मग तू इथं काय करतेस? म्हणून मी सांगितले नाही. मी भाजी चिरली. मी उद्याचे ब्लाउज काढून ठेवले. तिकडे ठाण्यात एक माणूस बाकावर बसून म्हणत होता की ट्रक होता, होता हो ट्रक, आणि माझे शून्य त्याच्या समोर ठेवलेले होते, आणि ते मला इथून दिसत होते. मी गॅस बंद केला, परत लावला. सकाळी जाऊ, मी स्वतःला सांगितले. रात्रीत काय होणार आहे?

सकाळी साडेनऊला मी कचेरीत न जाता ठाण्यावर गेले. पिशवीत कच्च्या नोंदीची छापील पाने होती आणि पहाटे लिहिलेला एक कागद. त्यात तो शब्द होता. दुसरा कुठला सुचला नाही, आणि खरे तर शोधायचाही कंटाळा आला होता. तपास अधिकारी साधा, थकलेला माणूस होता. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभाच राहिला. "अहो, या या! तुमच्या तक्त्याने फार त्रास वाचवला आमचा." मी पिशवीतला हात पिशवीतच ठेवला. "म्हणजे?" "काल संध्याकाळी सातला कबूल केलं त्यानं. सही केली. आणि हात लावला नाही हो आम्ही, उगाच मनात आणू नका. चार दिवस ट्रक ट्रक करत होता. काल त्याच्यासमोर फक्त तक्ता ठेवला. म्हटलं, बघ, तिथं खुर्ची टाकून एक बाई बसल्या होत्या, गाड्या मोजायलाच बसल्या होत्या, दुसरं काही काम नव्हतं त्यांना. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, त्या बसल्या होत्या ना, मग नसेल." सात वाजता मी भाजी चिरत होते. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला. अर्ध्यावर आल्यावर त्याने घसा खाकरला आणि पंख्याकडे पाहिले, मग उरलेला अर्धा वाचला. "तुम्ही ट्रक पाहिलात?" "नाही." "मग कुणी पाहिला?" "नळीने मोजला." तो उठला, कपाटातून एक फाईल काढली आणि साहेबांचे पत्र माझ्यासमोर उघडले. तक्त्यासोबत साहेबांनी माझ्या अहवालाचा सारांशही उत्साहाने जोडला होता. त्याने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले. ओळ माझीच होती, नळीच्या भरवशाची. "आता मी कशावर विश्वास ठेवू?" त्याने विचारले. तो खवचटपणे विचारत नव्हता. "मी तिथं नव्हते," मी म्हणाले, "यावर ठेवा." त्याने कागदावर तारीख घातली, शिक्का मारला. "घेतो. जोडतो. पण केलेली कबुली मागे घ्यायची तर ती त्याने घ्यावी लागते. तुम्ही नाही घेऊ शकत. बाहेरच बसलाय, अकराला कोर्टात न्यायचंय त्याला. बोला हवं तर, दोन मिनिटं."

तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, शेजारी एक शिपाई. पन्नाशीचा माणूस, हाताची कातडी साबणाने पांढुरकी झालेली. मी समोर उभी राहिले आणि सांगितले की ती मोजणारी बाई मी. तो चटकन सरकला आणि त्याने मला बसायला जागा केली. "बसा ताई." मी बसले. मी म्हणाले, "ट्रक होता. तुमचं बरोबर होतं. मी त्या वेळी खुर्चीवर नव्हते, ते शून्य मी अंदाजाने लिहिलं. तुम्ही आत जाऊन सांगा, मी कबुली मागे घेतो म्हणून." त्याने ऐकून घेतले. मग समजूत काढावी तशा स्वरात म्हणाला, "असं कसं ताई? तुमची सही आहे खाली. दोघांच्या सह्या आहेत." "त्या खोट्या आहेत." "सरकारी कागद आहे तो," तो म्हणाला. "आणि मलाही आता आठवतंय ना. पहिले चार दिवस ट्रक दिसायचा. काल तुमचा कागद बघितला आणि रात्रभर विचार केला. आता डोळे मिटले की माझीच गाडी दिसते. डाव्या बाजूने सायकलला लागते. ते बाबा माझ्याकडे वळून बघतात, तेसुद्धा दिसतं. ट्रक नाही दिसत कुठं." त्याने खरोखरच डोळे मिटले आणि थोडा वेळ थांबला, मला पडताळून दाखवावे तसा. "नाही," तो म्हणाला. "नाहीच." शिपायाने घड्याळ बघितले. मी त्याचा हात धरला आणि त्याला ट्रक सांगू लागले: लांब होता, चाकांच्या पाच जोड्या, पुढे एक, मग दोन, मग दोन, तुमच्या मागे तीन सेकंदांवर होता, फार जोरात होता, वळणाच्या तोंडाशी तुमच्या उजवीकडून पुढे आला, आठवतं का, आठवून बघा. तो मान हलवत सगळे ऐकत होता. "रंग कुठला होता?" त्याने विचारले. मला रंग माहीत नव्हता.